सत्तावीस नंबरचा बिल्ला

बेटाच्या धक्क्यावर रिसॉर्टची मुलगी ट्रे घेऊन उभी होती. ट्रेमध्ये सरबताचे सहा ग्लास होते. बोटीतून उतरले पाच जण. बुकिंग जुनं, तीन जोड्यांचं, आणि ते बदलून घ्यायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सहाव्या ग्लासाकडे कुणी बघेना. शेवटी बारक्याने तो उचलला आणि एका दमात संपवला.

"वाया कशाला घालवायचं," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून त्याचे कान लाल झाले.

"बरं केलंस," वायरमन म्हणाला. "तिला एवढं गोड चाललंच नसतं."

वायरमनची बायको जाऊन आठ महिने झाले होते. तो, मिस्त्री आणि बारक्या एकतीस वर्षं एकाच कागद कारखान्यात, दुरुस्ती खात्यात होते. मिस्त्री वरचा माणूस, बाकीचे दोघे त्याच्या हाताखालचे. बारक्या तिघांत सगळ्यात जाडा, म्हणून बारक्या. निवृत्तीनंतरही मिस्त्री सांगेल तसंच दोघं वागायचे. मिस्त्री म्हणाला चल, म्हणून वायरमन आला होता.

खोली छान होती. खिडकीतून पाणी दिसायचं. पलंगाखाली सपातांचे दोन जोड होते. त्यातला लहान जोड त्याने पायाने आत सरकवला. दाराच्या मुठीला एक लाल कार्ड अडकवलेलं होतं, त्रास देऊ नये अशा अर्थाचं. ते त्याने काढून टेबलावर ठेवलं.

पहिले दोन दिवस बरे गेले म्हणायचे. बारक्या पाण्यात डुंबायचा आणि काठावरून त्याची बायको ओरडायची, "अहो, बाहेर या, भरती येईल तुमच्यामुळे!" मिस्त्रीची बायको, जिला सगळे वहिनी म्हणत, वायरमनच्या ताटात न विचारता वाढायची. "भावोजी, गळ्याची हाडं दिसायला लागलीत तुमची. खा मुकाट्याने." तोही खायचा. पण त्याच्या गेलेल्या बायकोबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. आपसात ठरवून आले असावेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला बारक्याच्या तोंडून निघून गेलं. त्याच्या पोटात काही म्हणून राहायचं नाही.

"घरी गेलास ना, की बघ कसं मोकळं वाटेल. खोली केवढी मोठी दिसते, लेक सांगत होती तुझी."

वहिनींनी टेबलाखालून त्याला लाथ मारली. ती वायरमनलाही लागली.

"कुठली खोली?" वायरमन म्हणाला.

मिस्त्रीने चहाचा कप बशीत ठेवला. "चल, जरा बाहेर जाऊ," तो म्हणाला.

कारखान्यात एक नियम होता. यंत्रात हात घालायचा असला की आधी बटण बंद करायचं आणि त्यावर आपला पितळी बिल्ला अडकवायचा. बिल्ल्यावर ज्याचा त्याचा नंबर. काम झालं की ज्याने बिल्ला लावला त्यानेच तो काढायचा, दुसऱ्याने नाही, साहेबानेही नाही. एकदा एकाने काढला होता. फिटर चहाला गेला असेल असं त्याला वाटलं. फिटर चहाला गेलेला नव्हता. त्याचा हात कोपरापर्यंत यंत्राच्या फिरत्या रुळात गेला. त्याला बाहेर काढणाऱ्यांत मिस्त्री होता. तेव्हापासून मिस्त्रीच्या खात्यात दुसऱ्याच्या बिल्ल्याकडे नुसतं बोट केलं तरी शिवी बसायची.

वायरमनचा नंबर सत्तावीस. बायको गेली त्या आठवड्यात लेक तिचं कपाट आवरायला आली, तेव्हा त्याने खणातून आपला जुना बिल्ला काढला आणि कपाटाच्या मुठीला अडकवला. लेक आधी हसली. मग तिने बापाच्या तोंडाकडे बघितलं आणि रिकाम्या पिशव्या घेऊन परत गेली. ती कारखान्याच्या चाळीतच वाढलेली, तिला वेगळं सांगावं लागलं नाही. त्यानंतर ते कपाट कुणी उघडलं नाही. त्यानेही नाही. तो खुर्ची कपाटासमोर ओढून तिथेच जेवायचा, तिथेच डुलकी काढायचा.

वाळूत दोघं उभे राहिले. मिस्त्रीचे हात पाठीमागे होते, कारखान्यात असायचे तसे.

"लेकीचा फोन आला होता मला," तो म्हणाला. "रडत होती. म्हणाली, काका, बाबा दिवसेंदिवस कपाटासमोर बसून असतात, आता आंघोळीलाही उठत नाहीत. मी म्हटलं, आम्ही त्याला घेऊन जातो, तू आवरून घे. काल आवरलं तिने."

"बिल्ला होता त्यावर."

"माहीत आहे."

"माझा बिल्ला होता, मिस्त्री."

"माणूस हद्दीबाहेर असेल आणि त्याला बोलावणं शक्य नसेल, तर मिस्त्रीच्या हुकमाने, दोन साक्षीदारांसमोर बिल्ला काढता येतो. नियमात आहे. बारक्या आणि तुझी वहिनी साक्षीदार." मिस्त्री थट्टा करत नव्हता. आयुष्यभर त्याला हाच एक रस्ता माहीत होता. "मी असाच हात लावला नसता रे. तुझ्या बिल्ल्याला तर नाहीच."

"म्हणजे मला हद्दीबाहेर काढायला इथे आणलंत."

"समुद्रही दाखवायचा होताच की."

वायरमन म्हणाला, "नियमात अजून एक गोष्ट आहे. काढायच्या आधी आत वाकून बघायचं, कुणी आहे का. बघितलंत?"

मिस्त्रीने पाठीमागचे हात सोडले.

फोन फक्त धक्क्याच्या टोकाला लागायचा. वायरमन तिथपर्यंत चालत गेला. लेकीने पहिल्याच रिंगला उचलला, आणि त्याचा आवाज ऐकताच तिला समजलं.

"बाबा, रागावू नका. सगळं नीट दिलंय, कपाटासकट, एका संस्थेला. फोटो, कागद आणि आईची घड्याळं ठेवलीत."

"खाली एक बॅग होती. निळी."

"हो, ती तर भरलेलीच होती. नवे कपडे, नवी टोपी. मला वाटलं, आईने कुणाला तरी द्यायला काढून ठेवलं असेल. तशीच दिली." ती थांबली. "बाबा? महत्त्वाचं काही होतं का त्यात?"

"नाही," तो म्हणाला. "जेवलीस का तू?"

खोलीत येऊन त्याने टेबलावरचं लाल कार्ड दाराच्या मुठीला अडकवलं आणि आतून कडी लावली.

दुपारी वहिनी ताट घेऊन आल्या आणि कार्ड बघून ताट पायरीवर ठेवून गेल्या. संध्याकाळी बारक्या आला. "मला दोन थोबाडीत मार, पण दार उघड," असं दोनदा म्हणाला, मग नाक शिंकरत गेला. दुसऱ्या दिवशी सफाईवाली किल्ली घेऊन आली, तर मिस्त्रीने तिला लांबूनच हाताने थांबवलं. स्वतः तो कार्डाला शिवला नाही. येऊन पायरीवर बसायचा आणि आत नळ वाजला की उठून जायचा.

पाचव्या दिवशी परतीची बोट होती, चारची. सगळ्यांच्या बॅगा धक्क्यावर गेल्या. मिस्त्री येऊन पायरीवर दाराला पाठ लावून बसला.

"बोट लागली रे," तो म्हणाला. "मी कार्ड काढणार नाही. फक्त सांगतोय."

आतून, अगदी दाराजवळून आवाज आला. वायरमनही आत जमिनीवरच बसला असावा.

"गेल्या वर्षी यायचं ठरलं होतं ना आपलं."

"हो. तूच म्हणालास, कारखान्यात विजेचं नवं पॅनल बसवायचंय, पुढच्या वर्षी जाऊ."

"त्या दिवशी तिची बॅग भरून झाली होती. मी सांगितलं तर काही बोलली नाही. बॅग उचलली आणि जशीच्या तशी कपाटात ठेवली. म्हणाली, असू दे, पुढच्या वर्षी परत भरायला नको."

मिस्त्रीने डोळे मिटले.

"टोपी होती तिच्यात. दुकानात आरशासमोर तीनदा घालून बघितली होती. पोहायचा पोशाख होता. पोहायला शिकायला जायची, माहीत होतं तुला? वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. पोरींच्या रांगेत उभी राहायची. माझ्या दोन बनियन होत्या. मी विसरेन म्हणून तिने आधीच बॅगेत टाकल्या होत्या."

"बोलला का नाहीस रे?"

"काय बोलू? पॅनल बसवायला दुसरा कुणीही चालला असता. तूच म्हणाला होतास, चल, मी दुसरा माणूस लावतो. मीच राहिलो."

खाली बोटीचा भोंगा वाजला. बारक्याने धक्क्यावरून हात हलवला, मग दोन्ही हात हलवले. मिस्त्रीने त्याला जा म्हणून खूण केली. बारक्याला कळायला वेळ लागला. शेवटी वहिनींनीच त्याला दंडाला धरून बोटीत बसवलं आणि त्या मागे वळून बघत राहिल्या.

"चुकलं माझं," मिस्त्री म्हणाला. "वाकून बघायला हवं होतं."

बोट वळली आणि लहान लहान होत गेली. पुढची बोट थेट दुसऱ्या दिवशी होती. दाराच्या मुठीवरचं लाल कार्ड वाऱ्याने हलून लाकडावर आपटत होतं. त्याची दोरी सुटायला आली होती. मिस्त्रीने वर बघितलं, हात उचलला, आणि परत मांडीवर ठेवला.

"अजून काय होतं बॅगेत?" त्याने विचारलं.