गैरसोय हे कारण नव्हे

पहारेकऱ्याने तिच्या पिशवीतून दूध काढायचं यंत्र बाहेर काढलं, उलटसुलट करून पाहिलं आणि स्टीलच्या टेबलावर तिच्या मोबाइलशेजारी ठेवलं.

"हे आत नाही जाणार, मॅडम."

"काल सांगितलं होतं मी तुम्हाला. आज तीन ते नऊ कुणालाच बाहेर पडता येणार नाही. सहा तास मी काय करू?"

"सांगितलं होतंत. मी वर विचारलंही. पण याला बॅटरी आहे, आणि हे मोबाइलशी बोलतं."

"ते कुणाशी काही बोलत नाही. दूध काढतं!"

"किती निघालं ते मोबाइलवर दिसतं. खोक्यावर लिहिलंय ना तसं."

लिहिलं होतं खरं. नणंदेने हौसेने सगळ्यांत महागातलं आणलं होतं. ते आणताना तिच्या मनात तरी कुठून येणार, की भावजय ज्या खोलीत काम करते तिथे साधं मनगटी घड्याळही दारावर काढून ठेवावं लागतं.

इतके दिवस ती दाराजवळच्या बायकांच्या संडासात उभ्याउभ्या भागवत होती. हात वाळवायच्या यंत्राखालचा एकच प्लग, एक कोपर भिंतीला, आणि दर दोन मिनिटांनी दार ढकलणारं कुणीतरी. गेल्या आठवड्यात दोन वेळा चुकल्या तर छातीत गाठ झाली, अंगात ताप चढला. हाताने दाबून काढायचं साधं यंत्रही तिने करून पाहिलं होतं. पाऊण तासात चार चमचे. आणि लेकीला, ठमीला, डब्यातलं दूध सोसत नव्हतं. अंगावर चट्टे उठत, घोटभर गेलं की दोन घोट बाहेर. पाच महिन्यांच्या पोरीचं वजन दोनशे ग्रॅमने उतरलं होतं. आणखी निदान दोन महिने अंगावरचंच दूध हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते आटायला मात्र दोन महिने लागणार नव्हते.

"कोणत्या गाढवाने लिहिलाय हो हा नियम?"

पहारेकऱ्याने नोंदवही उघडली, बंद केली.

"राहू दे ना, मॅडम," तो म्हणाला.

ती यंत्र उचलून तडक कल्याण अधिकाऱ्यांच्या खोलीत गेली. भिंतीवर हसऱ्या चेहऱ्यांचं पोस्टर होतं: तुमचं मन हीच पथकाची ताकद. कल्याण अधिकारी बाई चांगल्या होत्या, आणि त्यांच्या चांगुलपणाचाच तिला आज वीट आला होता.

"बस ना आधी. पाणी घेतेस?"

"पाणी नको. प्लग हवाय. आत."

"अगं, आत विसावा कक्ष आहे की. खास आयांसाठी टेकायची खुर्ची मागवलीय आपण." त्यांनी टेबलावरून एक पत्रक पुढे सरकवलं. पत्रकावर खुर्चीचा फोटो होता.

"खुर्ची आत. यंत्र बाहेर. मग मी त्या खुर्चीत बसून करू काय? खोल श्वास घेऊ?"

बाईंनी पत्रक परत ओढून घेतलं. पान तीनवर खोल श्वासच होता.

"तू चिडलीयस, ते अगदी साहजिक आहे..."

"मला साहजिक नकोय हो! तीन वाजता घूस येईल. मला आत बसायचंय."

घूस हे नाव तिनेच ठेवलं होतं. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या संगणकांत कुणीतरी सीमेपलीकडून शिरून बसलं होतं. आठ महिने. काही मोडत नव्हतं, काही चोरत नव्हतं; कुठल्या टाकीत किती औषध पडतं, कोणता पंप कधी चालतो, एवढंच बघत होतं, आणि एक दिवस त्यातला एक आकडा बदलायला त्याला एक क्षण पुरला असता. सैन्याच्या या सायबर पथकात बंदूक कुणाकडेच नव्हती. काम एवढंच होतं, की घुशीची सगळी बिळं, म्हणजे आत शिरायच्या चोरवाटा, एकाच वेळी बुजवायच्या. एक जरी राहिलं तरी ती जाताजाता सगळं कुरतडून जाणार. अकरा बिळं होती. सात तिने पोट सांभाळत शोधली होती, उरलेली चार ठमी मांडीवर असताना, घरी बसून, जुन्या नोंदी डोक्यात घोळवत. रजा संपायच्या आधी तीन आठवडे ती हजर झाली होती. पथक तिला मांजर म्हणायचं.

बाईंनी कर्नलना फोन लावला. पाच मिनिटांनी दोघी त्यांच्या खोलीत उभ्या होत्या.

"तुझ्यासाठी बाहेरच्या कचेरीत टेबल लावून घेतलंय," कर्नल म्हणाले. "स्वच्छ हवा आहे, खिडकी आहे. लागेल तेव्हा उठ, लागेल तेव्हा बस. आतलं बाकीचे बघतील. सहा महिने शांतपणे काढ. तुझ्याच भल्याचं सांगतोय."

"आणि अकरावं बीळ कुणाला माहितीय, सर?"

"लिहून दे."

"ते दर वेळी जागा बदलतं. लिहून काय देऊ? वास लिहून देऊ?" तिचा आवाज चढला. ब्लाउजच्या आत ओल पसरायला लागली होती. तिने पिशवी छातीशी धरली. "मला भलं नकोय. बाळंतीण झाले म्हणून मला खिडकीत नेऊन कुंडीसारखं ठेवू नका. हा नियम ज्याने लिहिला त्याला बोलवा इथे. त्याने कधी तान्हं पोर बघितलंय का ते विचारते."

कल्याण अधिकारी बाई भिंतीकडे बघू लागल्या. कर्नलनी खण उघडून एक फाइल काढली आणि तिच्यासमोर ठेवली.

दोन वर्षांपूर्वीचा आदेश. आत नेता येणार नाहीत अशा वस्तूंची यादी, आणि खाली एक वाक्य: "वैयक्तिक गैरसोय हे अपवादासाठी पुरेसं कारण मानलं जाऊ नये." मसुदा करणाऱ्याच्या जागी तिची सही होती. वळणदार, घाईतली.

तिला ते वाक्य आठवलं. एका शिपायाच्या घड्याळाने पथकाचा ठावठिकाणा बाहेर गेला होता, त्याच आठवड्यात तिने एका बैठकीत हे लिहिलं होतं. कुणीतरी म्हणालं होतं, थोडं सैल ठेवूया. ती टेबलावर हात आपटून नाही म्हणाली होती. घरी येऊन नवऱ्याला ते वाक्य तिने वाचूनही दाखवलं होतं.

"मला वाटलं, तुला आठवत असेल," कर्नल म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच वाईट होतं. "हे बघ. तुझ्यापुरता अपवाद करून ठेवलाय. तू हट्ट धरलास तर द्यायचा म्हणून. सही केली की झालं."

त्यांनी पुढे केलेल्या कागदावर तिचं नाव होतं, यंत्राचं नाव होतं. तिने पेन उचललं. मग फाइलचं पुढचं पान उलटलं, कारण ते जाड लागलं.

मागे तीन अर्ज टाचलेले होते. एक दंडावर चिकटवून रक्तातली साखर मोजायच्या चकतीचा. एक हृदयाला लावलेल्या यंत्राचा. आणि तिसरा हाताने लिहिलेला. ते अक्षर ती कुठेही ओळखली असती. तिच्या पहिल्या वर्षाच्या वह्यांच्या समासात ते अक्षर होतं: इथे घाई केलीस. पुन्हा बघ. तिला हे काम शिकवणाऱ्या मास्तरांनी श्रवणयंत्र आत न्यायची परवानगी मागितली होती. तिन्ही अर्जांवर कचेरीतल्या कुणीतरी तांबड्या शाईने एकच ओळ उतरवली होती, आदेशातली. तिचीच.

"मास्तर डोळ्यांसाठी आतलं काम सोडून बाहेर गेले ना?" तिने विचारलं. "दमले म्हणून?"

कर्नलनी तिसऱ्या अर्जावर बोट ठेवलं.

"त्यांनी मला सांगितलं होतं, डोळे दमले."

तिचा राग गेला नाही. तो आत होता तिथेच होता, फक्त आता त्याला कुठे जायचं ते कळेना. तिने अपवादाच्या कागदावरचं स्वतःचं नाव खोडलं.

"ते वाक्य काढा, सर. त्या जागी लिहा: बिनतारी लहरी पाठवणारा भाग काढून, तपासून, कुठलंही शरीराला लागणारं यंत्र आत नेता येईल. आणि हे तीन अर्ज आज मंजूर करा. माझा चौथा."

"आज? अगं, दोन वाजलेत. तीनला तू मला आत हवीस."

"मग लवकर करा."

"हे धमकावणं झालं."

"हो," ती म्हणाली.

कर्नलनी पेनचं टोपण काढलं.

पण यंत्र उघडून तो भाग काढायचा कुणी? आवारात असं नाजूक काम जमणारा एकच माणूस होता, आणि तो आतल्या दाराबाहेर, सामानाच्या कोठीत, केबलींच्या भेंडोळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता.

मास्तरांनी आदेश उभ्यानेच वाचला. दोनदा. घडी घालून खिशात ठेवला.

"यंत्र दे," ते म्हणाले.

त्यांनी दिवा जवळ ओढला, चार बारीक स्क्रू काढून बशीत ठेवले. ती समोर उभी राहिली, पहिल्या वर्षी उभी राहायची तशी. झाकण निघालं. चिमट्याने त्यांनी आतून नखाएवढा हिरवा तुकडा सोडवला, तारेची टोकं बंद केली, झाकण लावलं. चार मिनिटंही लागली नाहीत.

"एवढंच?" तिच्या तोंडून निघालं.

"एवढंच." त्यांनी तुकडा टेबलावर ठेवला. "माझ्या यंत्रातला याहून सोपा होता. विचारलं असतंस तर दाखवला असता."

ती काहीतरी म्हणायला गेली. मास्तरांनी यंत्र तिच्याकडे ढकललं.

"चालतंय का बघून घे. आत पुन्हा नाही उघडता यायचं. इथेच, मागच्या रॅकपलीकडे प्लग आहे, खुर्ची आहे. तिकडे कुणी फिरकत नाही."

मग त्यांनी हात कानामागे नेला, श्रवणयंत्र काढलं आणि त्या हिरव्या तुकड्याशेजारी ठेवलं. स्टूल उचलून ते दारात गेले आणि बाहेरच्या बाजूला तोंड करून बसले.

रॅकपलीकडे यंत्राने घरघर सुरू केली. बाटलीत पहिली धार पडली, मग दुसरी. खुर्ची साधी, पत्र्याची होती. रॅकच्या फटीतून तिला दारातली पाठ दिसत होती, सदऱ्याच्या कॉलरवर जिथे घासून घासून सूत पांढरं झालेलं तीही जागा.

"मी विचारायला हवं होतं, मास्तर," ती म्हणाली. पाठ हलली नाही.

ती बोलत राहिली. त्या बैठकीबद्दल, टेबलावर आपटलेल्या हाताबद्दल. त्यांनी डोळ्यांचं कारण सांगितल्यावर आपल्याला किती बरं वाटलं होतं आणि पुढे काही विचारायचं कसं टाळलं त्याबद्दल. शेवटी, उद्या आत याल का, हेही तिने विचारलं. आवाज फुटला तेव्हाही ती थांबली नाही. ऐकणारं कुणीच नव्हतं. बाटली खांद्यापर्यंत भरली.

तीनला दहा कमी असताना मास्तरांनी मागे न बघता हात वर केला आणि मनगटावर दोनदा बोट आपटलं.

तिने बटणं लावली, बाटलीला झाकण लावलं, यंत्रासकट पिशवीत टाकली. टेबलाजवळून जाताना ती क्षणभर थांबली. श्रवणयंत्र उचलून त्यांच्या हातात द्यावं आणि सगळं पुन्हा सांगावं असं तिला वाटलं. मग तिने ते होतं तिथेच राहू दिलं आणि त्यांच्या स्टुलाला वळसा घालून आतल्या दाराकडे धावत सुटली.