डाव्या हाताची मिठी

ग्रेडीला द्यावं की ठेवावं, याबद्दल त्या आठवड्यात ओमाहात प्रत्येकाचं काही ना काही मत होतं. मला मात्र कोणी विचारत नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मला ते सांगता आलं नसतं.

मी दुकानात बिलाच्या रांगेत उभी होते, आमची लेक ओपल कडेवर. माझ्या पुढचा दांडगा माणूस मक्याची कणसं मांडता मांडता गल्ल्यावरच्या व्हर्नाशी वाद घालत होता.

"आत्ताच देऊन टाका म्हणतो मी. चौतीस वर्षांचा झाला तो. अजून वर्षभराने त्याला कोण घेणार? आज त्याच्या बदल्यात तीन तरणी पोरं मिळतायत."

"तुझा ट्रक किती वर्षांचा झाला रे, डेल? तो का नाही देऊन टाकत?"

"माझा ट्रक तळाला नाही गेलेला, व्हर्ना. आपली टीम गेलीय. तळाच्या टीमला असला पिचर काय लोणचं घालायला हवाय?"

तेवढ्यात व्हर्नाचं लक्ष माझ्याकडे गेलं. "डेल, तोंड आवर. मागे त्याची बायको उभी आहे."

डेल कानापर्यंत लाल झाला. टोपी काढून म्हणाला, "मॅडम, माणूस म्हणून आमचं काही म्हणणं नाही हं. देवमाणूस आहे तो. पण तुम्हीच सांगा, इथे आता काय ठेवलंय त्याच्यासाठी?"

मी हसले. एवढ्या वर्षांत तेवढं जमायला लागलंय.

ग्रेडी कुचेरा माझा नवरा. बेसबॉलच्या मोठ्या लीगमधली त्याची सगळी कारकीर्द ओमाहा ड्रोव्हर्सकडेच गेली, आणि ड्रोव्हर्स एकदाही ऑक्टोबरच्या, विजेतेपदाच्या सामन्यांपर्यंत पोचले नाहीत. आता पूर्वेकडच्या एका टीमला तो हवा होता. त्यांचं सगळं जमून आलं होतं, फक्त एक पिचर, चेंडू फेकणारा, कमी पडत होता. जुलै संपला की खेळाडूंच्या अदलाबदलीचं दार बंद होतं, आणि जुलै संपतच आला होता. आमच्यात एक नियम आहे: ज्याने मोठ्या लीगमध्ये दहा वर्षं काढली आणि त्यातली शेवटची पाच एकाच टीमकडे, त्याला त्याच्या मर्जीविरुद्ध कुठेही पाठवता येत नाही. म्हणजे शेवटचा शब्द ग्रेडीचा. शहर वाद घालत होतं आणि तो गप्प होता.

मी वेगळंच काहीतरी बघत होते. जूनच्या मध्यापासून तो लोणच्याच्या बरणीचं झाकण डाव्या हाताने फिरवत होता. दातही डाव्या हाताने घासत होता. ओपलला पाळण्यातून उचलताना तिला डाव्या कुशीत घ्यायचा आणि उजवा हात नुसता खाली धरायचा, आधार दिल्यासारखा. एकदा मी विचारलं, तर म्हणाला, "झोपेत अवघडला." दुसऱ्यांदा विचारायचा मला धीर झाला नाही, कारण माझी घरातली पत आधीच गेलेली होती. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ओपलच्या पोटावर निळे डाग दिसले म्हणून मी तिला उचलून हॉस्पिटलात पळाले होते. ब्लूबेरी होत्या, खाताना सांडलेल्या. डॉक्टरांनी ओल्या कापडाने डाग पुसून दाखवले. ग्रेडीने ही गोष्ट टीममध्ये सगळ्यांना सांगितली होती. तेव्हापासून मी कशाचीही काळजी केली की तो नुसता म्हणायचा, "ब्लूबेरी." आणि मलाही वाटायचं, असेल बाई, ब्लूबेरीच असेल.

दार बंद व्हायच्या आदल्या दिवशी दुपारचा सामना होता. ऊन असं की बाकांना हात लावता येत नव्हता. खेळाडूंच्या घरच्यांसाठी राखलेल्या जागेत माझ्या शेजारी रोसाल्बा बसली होती. तिचा नवरा येफर्सन आमचा कॅचर. ग्रेडीचे चेंडू माझ्या लग्नाच्याही आधीपासून तोच झेलतोय.

"आज कसला टाकतोय बघ तुझा नवरा," रोसाल्बा म्हणाली. "जाता जाता शहराला रडवणार हा."

"जातोय कुठे? अजून काही ठरलं नाही."

"मला नको शिकवू, पोरी. मी चार शहरं बदललीत. घरातल्या खोक्यांचा वास मला फोनवरून येतो."

नऊपैकी चार इनिंग झाल्या होत्या आणि समोरच्यांना एकही धाव मिळाली नव्हती. पण ग्रेडीचा तो प्रसिद्ध वळणारा चेंडू, जो टाकताना कोपराला पीळ द्यावा लागतो, तो अजून एकदाही आला नव्हता. मागच्या रांगेतला एक जण आपल्या मित्राला सांगत होता, "वाचवून ठेवतोय बघ. हुशार आहे." मी त्याच्या कोपराकडे बघत होते.

पाचव्या इनिंगला ग्रेडी बाहेर आलाच नाही. दुसराच पोरगा येऊन चेंडू टाकायला उभा राहिला. प्रत्येकाची नजर डगआउटकडे, खेळाडू बसतात त्या बाकांकडे वळली. तिथे मिठ्या सुरू झाल्या होत्या.

जुलैच्या शेवटी आमच्याकडे कोणी डगआउटमध्ये मिठ्या मारायला लागलं की त्याचा एकच अर्थ होतो. खेळाडूला सामन्यातून काढलं, म्हणजे व्यवहार झाला. सोबती गळ्यात पडले, म्हणजे निरोप. घोषणा नंतर होते, मिठ्या आधी. मोठ्या पडद्यावर ग्रेडी दिसला आणि लोक उठून उभे राहिले. टाळ्या थांबेनात. कोणी टोप्या हलवत होतं, एक म्हातारी रुमालात रडत होती. रोसाल्बाने मला आवळलं. "जा, आणि ती विजेत्यांची अंगठी घेऊनच ये," ती माझ्या केसांत म्हणाली. "आमच्या वाटची पण घाल."

मी तिच्या खांद्यावरून पडदा बघत होते. ग्रेडी एकेकाला मिठी मारत होता, डाव्या हाताने. येफर्सनने त्याला दोन्ही हातांनी उचलल्यासारखं केलं, तेव्हाही त्याचा उजवा हात अंगाशी चिकटलेलाच होता. मिठीत कुठेतरी त्याला धक्का बसला आणि त्याने डोळे मिटले. पडद्यावर ते एवढं मोठं दिसलं. सगळ्यांना वाटलं, गहिवरला.

मी ओपलला रोसाल्बाकडे दिलं आणि खाली गेले. खेळाडूंच्या खोल्यांबाहेरच्या बोळात मिस्टर हॉलडेन भेटले. टीमचे सगळे व्यवहार तेच ठरवतात. एक हात फोनवर होता, दुसरा त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला.

"घाबरू नका, टेस. मीच त्याला काढायला सांगितलं. व्यवहार दारात असताना हाताला काही व्हायला नको." मग आवाज खाली आणून म्हणाले, "खरं तर अजून त्याचा होकार आलेला नाही. तो म्हणाला, बायको हो म्हणाली की माझं हो. तेव्हा आता तुमच्यावर आहे सगळं. उद्या दुपारपर्यंत सांगा."

"त्यांचा डॉक्टर हात बघेल का आधी?"

"वेळ कुठे आहे? वसंतात काढलेले कोपराचे फोटो पाठवलेत आम्ही. ग्रेडीचा हात म्हणजे बँकेतली ठेव, सगळ्या लीगला माहीत आहे."

ग्रेडी गाडीत बसला होता, खेळाडूंची वाहनं लावतात तिथे, सावलीत. केस ओले होते. मला बघून हसला.

"ओपलला समुद्र बघायला मिळेल."

"कोपर कधीपासून दुखतंय?"

"झालं सुरू. ब्लूबेरी."

"तू येफर्सनला डाव्या हाताने मिठी मारलीस. सगळ्यांनाच तशी मारलीस."

"टाकताना नाही दुखत," तो समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला. "टाकून झाल्यावर दुखतं. बोटं बधिर होतात. शेवटची दोन."

"आणि कोणालाच सांगितलं नाहीस? येफर्सनला?"

"त्याला अंदाज असेल. तो विचारत नाही. चांगला कॅचर विचारत नाही." मग माझ्याकडे वळून तो घाईघाईने बोलायला लागला. "ऐक ना. आत्ता सांगितलं तर हे लोक कोपराचं ऑपरेशन करतील. वर्ष-दीड वर्ष गेलं. त्यानंतर मला कोण उभं करणार? तिकडे फक्त दोन-तीन महिने टाकायचंय. तेवढे निघतील. मग कापू दे काय कापायचं ते. टेस, मी ऑक्टोबर नेहमी सोफ्यावर बसून बघितलाय. एकदा मला तिथे उभं राहायचंय. एकदाच."

ते मी पाहिलेलं होतं. दर ऑक्टोबरला तो टीव्हीचा आवाज बंद करून सामना बघायचा आणि बोटांनी हवेत चेंडू धरायचा. मला क्षणभर वाटलं, हो म्हणावं, संपवून टाकावं.

"मध्येच तुटला तर?"

"तर तुटला."

"आणि ते लोक तीन पोरं देणार आहेत, ती काय फुटक्या भांड्यासाठी?"

बोलल्यावर मला माझीच जीभ चावावीशी वाटली.

"फुटकं भांडं," ग्रेडी म्हणाला. "वा. डेल की कोण तो दुकानातला, तू सांगितलेला, तोसुद्धा असं बोलला नाही."

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मग नाही म्हण की. मी हॉलडेनना सांगतो, बायकोला ओमाहा सोडवत नाही. शहर तुझ्या पाया पडेल. शनिवारी माझी पुढची पाळी आहे, मी इथेच टाकीन."

तेव्हा मला कळलं की माझ्या हो-नाहीचा काही उपयोग नव्हता. तिकडे गेला काय, इथे राहिला काय, तो तुटेपर्यंत टाकणारच होता. त्याला थांबवायचं तर ज्याला थांबवता येतं त्याला सांगायला हवं होतं. आणि सांगितलं की ऑक्टोबर गेला. कदाचित त्याच्यापुरता कायमचाच.

"तू सांग त्यांना," मी म्हणाले. "नाहीतर मी सांगते."

"तू नाही सांगणार." त्याने हे दम देऊन म्हटलं नाही. त्याचा तसा विश्वासच होता, आणि तो मला जास्त जड गेला.

मी गाडीचं दार लावलं आणि परत बोळात गेले. मिस्टर हॉलडेन अजून फोनवरच होते, हसत होते. मला बघून त्यांनी अंगठा वर केला. मी नाही अशी मान हलवली. त्यांनी फोन बंद केला.

मी सांगितलं. बधिर बोटं, मिठी, न आलेला चेंडू, सगळं. मध्ये एकदा वाटलं, हे आताच म्हणतील, बाई, तुम्ही त्या ब्लूबेरीवाल्या ना? पण ते हसले नाहीत.

"ग्रेडीला माहीत आहे, तुम्ही आता इथे आहात ते?"

"हो."

"काल मी त्याला तोंडावर विचारलं होतं. उत्तम आहे म्हणाला." ते भिंतीला टेकले. एकदम थकलेले दिसले. "टेस, हे मी आता ऐकलंय. ऐकलं नाही असं मला आता करता येणार नाही. तिकडे कळवावं लागेल. शनिवारीही त्याला उभं करता येणार नाही. तुम्हाला कळतंय ना, तुम्ही काय केलंत?"

"नाही," मी म्हणाले. तेच खरं होतं.

रोसाल्बाकडून ओपलला घेऊन मी गाडीशी आले, तर ग्रेडी शेजारच्या सीटवर सरकून बसला होता.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

त्याने मान हलवली. मी ओपलला मागच्या सीटवर पट्ट्यात बसवलं आणि गाडी सुरू केली.

खेळाडूंच्या फाटकाबाहेर रस्ता दिसत नव्हता, एवढी माणसं. सामना चालू असतानाच अर्धं मैदान निरोप द्यायला बाहेर आलं होतं. पुठ्ठ्यांवर लिहिलेलं: 'जिंकून ये, ग्रेडी.' पुसटशा जुन्या ड्रोव्हर्स टोपीतला एक म्हातारा गाडीच्या खिडकीला लागून चालत होता. काचेवर हात ठेवून तो म्हणाला, "पोरा, तिकडे आमचं नाव काढ हं."

ग्रेडीने काच खाली केली.

"आजोबा, मी जात नाहीये."

"काय म्हणालास?"

"कुठेही जात नाहीये मी. इथेच आहे."

म्हाताऱ्याने वळून मागच्यांना ओरडून सांगितलं, त्यांनी त्यांच्या मागच्यांना. मग जो गलका झाला, त्यात ओपल दचकून रडायला लागली. लोक गाडीच्या टपावर थापा मारत होते. कोणी पुठ्ठे फाडून उडवले. म्हातारा ग्रेडीच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत होता, "मला माहीत होतं, तू आम्हाला सोडणार नाहीस." ग्रेडी आणखी काहीतरी सांगायला गेला. मी त्याचे ओठ हललेले पाहिले. शेजारी बसून मलाच काही ऐकू आलं नाही, तर त्यांना काय येणार?

त्याने हळूच म्हाताऱ्याला दूर केलं आणि काच वर घेतली.

"उरलेलं तू सांग त्यांना," तो समोर बघत म्हणाला. "तुला येतं."

गाडीपुढे माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून नाचत होती. मी ब्रेकवर पाय ठेवून बसून राहिले.