समोरचा कडा

विद्याधर मूळचा वाईचा, नोकरीपायी दूर तमिळ मुलखात अंबत्तूरला येऊन पडलेला. या सपाट शहरात त्याचा जीव मेटाकुटीला आला, तेव्हा त्याने नवीनच निघालेली विजेची दुचाकी घेतली. रविवारी उजाडताच तो पल्लावरमपलीकडच्या खडकाळ टेकडीकडे निघे. गाडीला आवाज कसला तो नव्हताच. तळ्यांवरच्या धुक्यातून कुणीतरी आपल्याला झोपेतच उचलून नेतंय, असं त्याला वाटे. मग हातापायांनी खडक चढून तो माथा गाठी आणि लहानपणी सह्याद्रीत करायचा तेच करी: स्वतःच्याच नावाची आरोळी ठोकी. तिकडे समोरचा कडा ते नाव परत द्यायचा. इथे मेला कडाच नव्हता. आरोळी जायची ती जायचीच.

एका रविवारी त्याची बायको कौमुदी म्हणाली, “अहो, मीही येते.”

गाडी गप्प, म्हणून वाटेत बोलता आलं. त्याने तिला कड्याची गोष्ट सांगितली. उड्डाणपुलावर गाडी दोघांच्या वजनाने इतकी रेंगाळली, की कौमुदी उतरून चालू लागली आणि त्याच्याआधी वर पोचली. टेकडीपाशी मात्र गुडघ्यांनी नकार दिला. ती गाडीजवळच बसली.

माथ्यावरून त्याने सवयीने आरोळी दिली, “विद्याधरऽऽ!”

लग्नाला वीस वर्षं झाली होती. उखाण्याखेरीज कौमुदीने नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं.

खालच्या धुक्यातून, जरा लाजत, पण खणखणीत आवाज आला, “विद्याधरऽऽ!”