आठ शिंपले आणि एक भाऊ

शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात आठ शिंपले नोकरीला होते. पगार नाही, रजा नाही, संघटना नाही. काचेच्या टाकीत तोंड उघडं ठेवून बसायचं, एवढंच काम. प्रत्येकाच्या पाठीवर बारीक तार चिकटवलेली होती. पाण्यात काही वाईट आलं की शिंपला तोंड मिटायचा आणि पडद्यावरची त्याची रेघ खाली यायची. खतातल्या अमोनियाचं तर त्यांना माशांच्याही आधी कळतं.

मग एकदा पुराच्या गढूळ पाण्याला घाबरून आठही जणांनी तोंडं मिटली, अर्धा दिवस नळ कोरडे राहिले आणि साहेबांना वरून बोलणी बसली. साहेबांनी तोडगा काढला. शिंपल्यांच्या टाकीला नदीऐवजी गाळलेलं पाणी जोडलं आणि नदीचं पाणी केंद्रात घेणाऱ्या मोठ्या झडपेची चावी स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. तेव्हापासून रेघा सरळ होत्या आणि शिंपले गुटगुटीत झाले होते. शिंपले आहेतच म्हटल्यावर प्रयोगशाळाही बंद झाली. नमुने मुख्यालयात जायचे, उत्तर पुढच्या आठवड्यात यायचं.

"साहेब, म्हणजे पाणी बिघडलं तर शिंपल्यांना आणि शहराला एकदमच कळणार," ऑपरेटरबाई तेव्हा म्हणाल्या होत्या.

"तुम्ही फार विचार करता," साहेब म्हणाले होते.

आज सकाळी बाईंच्या धाकट्या भावाचा फोन आला. तो नदीच्या वरच्या अंगाला खताच्या गोदामात कामाला होता.

"ताई, पातळ खताची मोठी टाकी फुटली. सगळं ओढ्यात गेलंय. ओढा नदीला मिळतो."

"कळवलंत का कुणाला?"

"मालक म्हणतात, वाहत्या पाण्यात विरून जाईल. पण माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस हं. पुढच्या महिन्यात कायम करतायत मला."

"मग मला कशाला सांगितलंस?"

"तुला नाही तर कुणाला सांगू?"

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. आठही रेघा सरळ. शिंपले सुखात होते. दुपारी सासूबाई पिंप भरायच्या. लेकीच्या शाळेतही हेच पाणी.

शिंपले बोलले असते तर भावाचं नाव घ्यावं लागणार नव्हतं. बाईंनी दोन बादल्या घेतल्या. एकीत जॅकवेलमधून, म्हणजे नदीकाठच्या विहिरीतून, ओढलेलं नदीचं पाणी, दुसरीत गाळलेलं. तारा सोडवून चार शिंपले इकडे, चार तिकडे सोडले. आठही जणांनी तोंडं मिटली. त्यात खताचा संबंध नव्हता. हात लागला की शिंपला मिटतोच. आता वाट बघायची, कोण उघडतं त्याची. शेजारी पंप घुमत होता. एरवी बाईंना तो ऐकूही येत नसे.

बऱ्याच वेळाने साहेब आले. "कपडे भिजत घातलेत की काय?"

"शिंपले आहेत, साहेब."

"खात्याची मालमत्ता बादलीत? पडदा मोकळा दिसतोय तो. वरून कुणी विचारलं तर?"

"रजेवर आहेत म्हणा."

उजवीकडच्या बादलीतल्या एकाने फट पाडली. मग दुसऱ्याने. हळूहळू चौघेही उघडले. डावीकडे, नदीच्या पाण्यात, सामसूम.

"नदीतले उघडत नाहीयेत. झडप बंद करू या, साहेब."

"चार शिंपल्यांच्या भरवशावर? मागच्या वेळी माझीच बिनपाण्याने झाली, बाई." साहेब पँट वर ओढून उकिडवे बसले आणि एकदम खुलले. "अहो, हा बघा, उघडला. उगाच जीव खालीवर करता."

बाईंनी पेन्सिलीने त्या शिंपल्याला डिवचलं. तो मिटला नाही. पुन्हा डिवचलं.

"जिवंत असता तर मिटला असता," बाई म्हणाल्या. "हा मेलाय, नाहीतर मरायला टेकलाय."

साहेब बादलीवर आणखी वाकले. "एखादा म्हातारा असेल. मी कारण काय लिहू? शिंपले रुसले?" मग त्यांनी मान वर केली. "आणि बाई, बादल्या आजच कशा सुचल्या तुम्हाला?"

बाईंनी तोंड मिटलेलं ठेवून पाहिलं. पंप घुमत होता.

"माझा भाऊ खताच्या गोदामात आहे," त्या म्हणाल्या. "टाकी फुटलीय. सगळं नदीत आलंय. त्यानेच सांगितलं."

साहेबांनी पेन काढलं. "नाव?"

बाईंनी नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. हुद्दाही सांगितला. ते सगळं लिहून झाल्यावर साहेबांनी ड्रॉवर उघडून चावी दिली.

झडपेचं चाक जड होतं. बाई दोन्ही हातांनी फिरवत होत्या तेव्हा फोन वाजला. भावाचाच असणार. वाजता वाजता तो बंद पडला आणि पुन्हा वाजू लागला. हात गुंतलेले होते, हे एका परीने बरंच होतं.