विहीणबाईंचा नाकतोडा

विहीणबाईंचे आभार मानायचे म्हटले की माझी जीभ जड होते. समोर बसून बोलायला गेले तर त्या चष्म्यावरून बघतील आणि म्हणतील, "त्यात काय एवढं!" मग मला राग येईल, मी काहीतरी टोचून बोलेन आणि आभार राहतील बाजूला. म्हणून लिहितेय. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण मनातलं कागदावर आणायला तेवढी पुरते.

आमच्या बुद्धभूषणनं शनिवार पेठेतली मुलगी केली, कादंबरी. मुलीबद्दल माझं तेव्हाही काही म्हणणं नव्हतं, आताही नाही. पण रजिस्टर लग्न लावून बाहेर आलो तर तिच्या आईनं, नीरजाताईंनी, मला हात जोडले आणि म्हणाल्या, "एकुलती एक आहे हो आमची. सांभाळून घ्या."

मी म्हटलं, "आमच्या घरात माणसं राहतात, ताई. सांभाळायला काचसामान नाही."

झालं. त्या दिवसापासून त्यांचा निरोप मला सुनेकडून यायचा आणि माझा त्यांना भूषणकडून जायचा. बिबवेवाडी ते शनिवार पेठ रिक्षानं किती लांब आहे? पण आमच्या दोघींना ते परदेशासारखं.

पुढे पोरं खरोखरच परदेशी गेली. भूषणच्या कंपनीनं त्याला हॉलंडला पाठवलं, कादंबरी पाठोपाठ गेली आणि तिथं तिला दिवस राहिले. घर एका खोलीचं. भूषण व्हिडिओवर म्हणाला, "आई, एका वेळी एकीलाच राहता येईल. बाळंतपणाला कादंबरीच्या आई येतील. त्यांना इंग्रजी येतं, प्रवासाची सवय आहे. तू नंतर ये, निवांत."

निवांत! भूषण झाला तेव्हा माझी आई गेलेली होती आणि सासूला दिसत नव्हतं. ओली बाळंतीण मी, गुळटेकडीला मार्केट यार्डात कांदे निवडायला बसत होते आणि लेकरू शेजारणीकडे रडत होतं. या वेळेला तरी घरातलं बाळ जन्मल्याबरोबर माझ्या हातात यावं, एवढंच मला हवं होतं. पण हे मी त्यांना कशाला सांगतेय? मी म्हटलं, "बाळंतपण भूषणच्या घरात व्हायचंय. म्हणजे मान सासूचा."

व्हिडिओत दुसऱ्या चौकोनात विहीणबाई होत्या. म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण आई करते, कांताबाई. आपल्याला ठाऊक असेलच."

"माहेरी करते. तुमच्या शनिवार पेठेत आणताय का तिला, विमानानं?"

कादंबरी कातावली. "दोघीही बुद्धिबळ खेळता ना? मग खेळून ठरवा आणि मला झोपू द्या."

ती चेष्टेनं बोलली होती. मी म्हटलं, "मांडा पट."

विहीणबाई हो म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. हक्क त्यांचा होता, भूषण त्यांच्या बाजूनं होता. पण म्हणाल्या, "चालेल. मात्र नेहमीचं नको. मी बँकेच्या स्पर्धांमध्ये खेळलेली आहे, नंतर बोल लागायला नको. दोघींनाही नवं असेल असं काहीतरी शोध, कादंबरी."

सुनेनं इंटरनेटवरचा एक खेळ शोधला आणि तिकडूनच सांगून सांगून माझ्या मोबाईलवर घालून घेतला. पट मोठा, आणि राजा, वजीर, हत्ती, उंट यांच्या जोडीला दोन भलतेच प्राणी. एक पक्षी होता, तो उंटासारखा तिरकाही जायचा आणि घोड्यासारखा अडीच घरंही. त्याला मी घार म्हणायचे. दुसरा नाकतोडा. दुसऱ्याच्या खांद्यावरून उडी मारल्याशिवाय त्याला जागचं हलता यायचं नाही. कुणाच्या का होईना, डोक्यावरून उडायचं आणि लगेच पलीकडच्या घरात पडायचं. तिथं कुणी असलं तर ते मेलं. असे नाकतोडे मी सासरच्या गोतावळ्यात बरेच पाहिलेत, त्यामुळे तो मला लवकर समजला.

घाई नव्हती. एकीनं आज चाल करायची, दुसरीनं उद्या.

पहिला शह मी दिला. विहीणबाईंचा राजा मोबाईलवर लाल झाला. पण मला चैन पडेना. मी लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना फोन लावला.

"काय झालं? कादंबरी बरी आहे ना?" बाई घाबरल्याच.

"बरी आहे. तुमच्या राजाला शह आहे."

"दिसतंय मला इथं."

"दिसू दे. तोंडानं सांगायचा असतो."

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा केला. "विहीणबाई, वजीर सांभाळा."

त्या म्हणाल्या, "हे आपण मला का सांगताय?"

"न सांगता मारला तर चोरी होते."

"अहो, असा नियम नाहीये या खेळात."

"नियम त्या कंपनीचे. रीत माझ्या बापाची."

त्यांनी वजीर हलवला. आणि दोनच दिवसांनी माझी घार मारली, फोन नाही, काही नाही! मी तणतणत फोन लावला. "मारलीत? छान. बँकेत असंच शिकवतात वाटतं, मागून येऊन?"

"कांताबाई, खेळ आहे हा."

"माझा बाप धोंडिबा हमाल होता यार्डात," मी म्हटलं. "गाडी यायची असली की हमाल लोक गाळ्याच्या फरशीवर खडूनं पट काढून खेळत बसायचे. पाठीवर पोतं घेतलेल्या माणसाची मान खाली असते, त्याला समोरचं दिसत नाही. म्हणून हमाल ओरडतो, 'सरका, लागंल!' न ओरडता कुणाला धडकला तर त्याच्यासोबत कुणी जेवायला बसत नसे. तीच रीत त्यांनी पटावर आणली. राजा असो की वजीर की मोठं मोहरं, आधी ओरडायचं, मग मारायचं. तुम्हाला नसेल पटत तर नका पाळू. मी पाळणार."

 मला वाटलं, आता फोन आपटतील. पण विहीणबाई हळूच म्हणाल्या, "कादंबरीला जन्मल्यावर मी नीट हातात घेतलंच नाही. मला ताप होता, सासूबाई द्यायच्या नाहीत. बरी झाले तर बँकेनं बोलावलं. म्हणून मला तिकडे आधी जायचंय. इंग्रजीबिंग्रजीचं काही नाही त्यात."

खरं सांगते, ही बाई बोलते आहे ते माझंच आहे असं वाटलं. पण म्हणून मी काही पट सोडला नाही. त्यांनीही सोडला नाही.

त्यानंतर फोन वाढले. शह असला तरी फोन, नसला तरी फोन. कादंबरीला ओकाऱ्या होतात, डिंक तिकडे नेता येतो का, दिगंबररावांना म्हणजे आमच्या व्याह्यांना मेथीचा लाडू कसा कडू लागतो. खेळात मात्र मी मार खात होते. घार गेली होती, एक हत्ती गेला होता. जोर होता तो एकट्या वजिराचा.

एके दिवशी दुपारी मी भाकऱ्या आटपून मोबाईल हातात घेतला. विहीणबाईंची चाल होऊन गेली होती. मी डावीकडचं प्यादं पुढे सरकवणार, बोट टेकवणारच, तेवढ्यात फोन वाजला.

"कांताबाई, चाल केलीत का?"

"करतेच आहे."

"थांबा. वजीर सांभाळा. माझा नाकतोडा बघा."

मी बोट मागे घेतलं आणि पाहिलं. माझ्याच एका प्याद्याच्या खांद्यावरून त्यांचा नाकतोडा नेमका माझ्या वजिरावर पडणार होता. मला ते दिसलंच नव्हतं. वजीर गेला असता तर माझा खेळ संपलाच होता.

"विहीणबाई," मी म्हटलं, "मुद्दाम हरताय का? मला भीक नको."

"मुद्दाम हरायला मी काय वेडी आहे?" केवढ्यांदा ओरडल्या! "मला जायचंय तिकडे, मी तिकिटाचीसुद्धा चौकशी करून ठेवलीय. पण तुम्ही दर वेळी मला सांगणार आणि मी गप्प बसून मारणार, हे मला जमेना. सकाळपासून चहा गोड लागला नाही. आता वाचवा तो वजीर आणि खेळा नीट. मी सोडणार नाहीये."

सोडलं नाहीच त्यांनी. आणखी पंधरवडाभर त्यांनी मला रडवलं. पण वजीर वाचला होता. त्याच वजिरानं मी त्यांच्या राजाला कोपऱ्यात धरला, फोन करून शह सांगितला आणि मग सांगितलं की मात आहे.

"बघते," म्हणाल्या. पाच मिनिटांनी त्यांचाच फोन आला. "आहे मात. पासपोर्ट काढलाय का आपण?"

काढला नव्हता. तोही त्यांनीच माझ्याबरोबर रांगेत उभं राहून काढवला. विमानतळावर दिगंबररावांना घेऊन आल्या. मला सोडताना हात जोडले नाहीत, माझा हात हातात धरला. सांभाळून घ्या वगैरे काही म्हणाल्या नाहीत.

मुलगी झाली. नर्सबाईंनी काचेच्या दारातून आणली आणि भूषणकडे देऊ लागल्या, तर भूषणनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी तिला घेतलं. वजन म्हणावं तर काहीच नाही, आणि हात मात्र भरून गेले.

एका हातानं मी शनिवार पेठेला व्हिडिओ लावला. पलीकडे विहीणबाई पदरानं चष्मा पुसत बसल्या होत्या, दिगंबरराव मागे उभे. मी म्हटलं, "बघा विहीणबाई, नाक तुमचं आलंय. तुमच्यामुळं माझ्या हातात आहे ही. हे मी एकदाच बोलतेय, पुन्हा नाही बोलणार."

तिकडून विहीणबाईंचा तो नेहमीचा कोरडा सूर आला, फक्त जरा ओलसर.

"कांताबाई, सगळं काळं दिसतंय. कॅमेऱ्यावरचं बोट काढा आधी."