घाटाचा क्राऊन

मकसूदच्या हट्टापुढे दगड बरा, असं अमीनचं मत होतं, आणि त्या वर्षी डिझेल पुन्हा महागल्यावर ते मत आणखी पक्कं झालं. दोघा भावांचा मिळून एकच ट्रक. मागे ट्रेलर जोडायचा, पुण्यात लोखंडी सळया भरायच्या आणि निघायचं. सोलापूरचा सपाट रस्ता धाकट्या अमीनकडे, दिवे घाट चढून सासवडकडे जाणारा माल थोरल्या मकसूदकडे. अब्बा गेल्यापासूनची ही वाटणी, तिच्याविरुद्ध कधी कुणी ब्र काढला नव्हता.

भांडण होतं ते क्राऊनवरून. क्राऊन म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारी मोठी दातेरी चकती. जास्त दातांची घातली, की चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन जास्त वेळा फिरतं. ट्रक ओझ्यासकट चढ ओढतो, पण सपाटीवर उगाच बोंबलत डिझेल पितो. कमी दातांची घातली, की सपाटीवर इंजिन निवांत आणि अ‍ॅव्हरेज झकास. मात्र चढाला दम कमी, ड्रायव्हरने सारखा गिअर उतरवत बसायचं. दोन्ही सुखं एका ट्रकात मावत नाहीत. त्यांच्या ट्रकात होता जास्त दातांचा, घाटाचा क्राऊन.

"भाई, हल्ली सोलापूरच्याच फेऱ्या जास्त आहेत. कमी दातांचा घालू या," अमीन म्हणाला.

"घाटात ओढ पाहिजे," मकसूद म्हणाला.

"मग कंपनीने खालचे गिअर काय शोभेला दिलेत?"

"घाटात ओढ पाहिजे."

झालं! गाडी तिथेच अडली. मांजरी फाट्यावरच्या दिगंबर मेस्त्रींनी दोघांचं तेच ते ऐकून एके दिवशी पाना खाली ठेवला. "क्राऊन बदलून मिळेल, भाऊ बदलून मिळत नाही. आपण काय ते ठरवून या, मला इतर गिऱ्हाइकं आहेत."

शेवटी मकसूदच थकला. "घाल बाबा, घाल," म्हणाला. अमीनने नाना पेठेतून कमी दातांचा क्राऊन आणला आणि बसवून घेतला. सोलापूरच्या पहिल्याच फेरीत ट्रक असा सुरेख पळाला, की बेट्याची कॉलर ताठ झाली. घाटातही काही बिघडत नाही हे दाखवायला तो पुढच्या सासवड फेरीला भावाच्या शेजारी जाऊन बसला.

घाटाच्या पायथ्यापर्यंत सगळं ठीक होतं. मग चढ लागला. एरवी तिसऱ्यात गुरगुरत निघणारा ट्रक आता तिसऱ्यात धापा टाकायला लागला. दुसरा टाकला, तर जरा सपाटी मिळताच इंजिन किंचाळायला लागलं. पुन्हा तिसरा, पुन्हा दुसरा. प्रत्येक वेळी क्लच. आणि प्रत्येक क्लचला मकसूद डाव्या हाताने आपलीच मांडी वर उचलून पाय पेडलवर ठेवत होता, मग तोच हात गिअरवर नेत होता. अमीन बघतच राहिला. भाईचा गुडघा वळत नव्हता.

खाली मस्तानी तलाव दिसतो त्या वळणावर पाय पोचायला उशीर झाला. तिसरा सुटला, दुसरा पडेना. मकसूदने ब्रेक दाबला, तरी मागच्या लोखंडाने ट्रकला खाली खेचलंच. ट्रेलर तिरपा होऊन कठड्याकडे वळला. अमीनने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला, दार उघडून उडी मारली आणि हाताला येईल तो धोंडा चाकामागे सारला. ट्रक थांबला.

"गुडघा कधीपासून?" त्याने वर येऊन विचारलं.

"झाली दोन-तीन वर्षं."

"भाभीला माहीत आहे?"

"तीच तर तेल चोळते."

"मग मला का नाही सांगितलंत? मी मेला अ‍ॅव्हरेज अ‍ॅव्हरेज करत बसलो!"

मकसूद स्टिअरिंगवरून हात काढत नव्हता. "जुना क्राऊन होता तोवर घाटात पायाला काम कमी होतं, निभत होतं. तुला सांगितलं असतं, तर तू किल्ली मागितली असतीस."

आणि खरंच, अमीनने ती मागितली असती. उरलेल्या घाटात ट्रक त्यानेच चालवला. दोनदा बंद पाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने ट्रक गॅरेजात नेला. "मेस्त्री, जुना परत बसवा. माझी अक्कल चुकली." डिझेल जाऊ दे खड्ड्यात, भाई आपल्या जागेवर बसला पाहिजे, एवढंच त्याच्या मनात होतं. दिगंबर मेस्त्रींनी ट्रक जॅकवर घेतला, तेवढ्यात मकसूद रिक्षातून उतरला.

"राहू दे, मेस्त्री. आहे तोच ठेवा."

"भाई, जुना घातला की घाट सोपा होईल. तुम्हीच चालवा. मी पुन्हा कधी अ‍ॅव्हरेजचं नाव काढणार नाही, अल्लाची शप्पथ."

"क्राऊन बदलशील रे, गुडघा तोच राहणार. काल तू शेजारी होतास." मकसूद म्हणाला. "तुला घेऊन मागे चाललो होतो मी, अमीन. रात्रभर डोळा लागला नाही."

अमीनला रडू फुटलं, आणि ते त्याने लपवलं नाही. मेस्त्री पाठ फिरवून पाने पुसत बसले.

पुढच्या सासवड फेरीला सळया भरून झाल्यावर मकसूद ट्रकच्या डाव्या अंगाला, क्लीनरच्या बाजूला गेला. वर चढायला डावा पाय टेकेना, म्हणून तो उजवा टाकू लागला, पण तोल जमेना. उभ्या आयुष्यात त्याला या दाराने चढायची वेळ आली नव्हती. अमीनने ड्रायव्हरच्या जागेवरून खाली उतरून त्याला कमरेला धरलं आणि वर चढवलं.

"पायथ्यालाच दुसरा टाकायचा," आत बसल्यावर मकसूद म्हणाला. "इंजिन धापा टाकेपर्यंत वाट नाही बघायची. मी सांगेन तेव्हा बदल."

"हो भाई," अमीन म्हणाला आणि किल्ली फिरवली.