एकाच चॅनेलवर

साइटवर त्या दोघांना नावानं कुणी ओळखत नव्हतं. टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये बसायचा तो थोरला, त्याला सगळे 'वरचा' म्हणत. जमिनीवर उभं राहून त्याला हातानं खुणा करायचा तो धाकटा, म्हणून तो 'खालचा'. गवंड्यांना यात भारी गंमत वाटायची. विटा वेळेवर आल्या नाहीत की ते आभाळाकडे हात करून म्हणायचे, वरच्याच्या मनात येईल तेव्हा मिळतील बाबा, आपल्या हातात काय आहे! दोघं सख्खे भाऊ होते, आणि एकमेकांशी बोलत नव्हते.

आता न बोलणारे भाऊ ही काही नवलाई नाही, शोधायला गेलं तर घरटी एक जोडी सापडेल. नवल पुढंच आहे. क्रेनच्या कामाचा नियम असा, की वरच्यानं खालच्या एकाच माणसाचं ऐकायचं. 'थांब' अशी खूण कुणीही केली तर थांबायचं, पण हूक वर, हूक खाली, डावीकडे, उजवीकडे, हे सगळं एकाच माणसाच्या हातावर. त्यामुळे ज्याचं तोंड बघायचं नाही असं एकदा ठरलं होतं, त्याच्याकडेच थोरला सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघत बसायचा, आणि त्याबद्दल त्याला पगार मिळायचा.

आणि जमायचं म्हणजे काय जमायचं! दुसऱ्या क्रेनवरचा माणूस हात हलवून हलवून घामाघूम व्हायचा. धाकटा नुसतं बोट उचलायचा. मूठ जराशी सैल केली की लोखंडाच्या सळ्यांचा भारा निजलेलं पोर ठेवावं तसा जमिनीवर टेकायचा. वरून उत्तर म्हणजे आखूड हॉर्न. शिफ्ट संपली की थोरला हूक वर नेऊन एक लांब हॉर्न द्यायचा, आणि तो ऐकल्याशिवाय धाकट्यानं कधी फाटक ओलांडलं नाही. त्यांना जोडीला लावलं होतं कंपनीनंच. आडनाव एक बघून कुणीतरी म्हणालं, भाऊ-भाऊ आहेत, पटेल त्यांचं. नको म्हणायची मुभा दोघांनाही होती. दोघांपैकी एकानंही ती वापरली नाही, एवढं लक्षात ठेवा.

अबोला होता आईवरून. आई थोरल्याकडे असायची. धाकटा तेव्हा दूरच्या एका धरणाच्या कामावर नवा लागला होता. आई आजारी पडली, आणि त्याला कळवू नकोस, नवी नोकरी आहे, उगाच धावत येईल, असं तिनंच बजावलं. थोरला तसा आज्ञाधारक. धाकट्याचा रोज फोन यायचा आणि थोरला रोज सांगायचा, झोपलीय, बरी आहे, तू तुझं काम बघ. असं चांगलं चांगलं बोलायची त्याला लहानपणापासून सवय होती. खोटं बोलतोय असं त्याला कधी वाटायचंच नाही, समोरच्याचा त्रास वाचवतोय असं वाटायचं. धाकटा आला तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. सगळं उरकल्यावर त्यानं एकच विचारलं, "इतके दिवस फोनवर मी कुणाशी बोलत होतो?" त्यानंतर दोघांच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच.

पण थोरल्याच्या पोटात याहूनही वाईट एक गोष्ट होती. बायकोलाही ती माहीत नव्हती. शेवटच्या संध्याकाळी आईचं मन बदललं होतं. आता बोलाव त्याला, ती म्हणाली. थोरल्यानं बघितलं, की आता बोलावून तो पोचणार नाही. मग त्यानं नेहमीचंच केलं, चांगलं बोलला. निघालाय तो, म्हणाला, येईलच इतक्यात. आई दाराकडे तोंड करून पडून राहिली. बाहेर पाऊल वाजलं की मान उचलायची. ती तशीच गेली. हे धाकट्याला सांगायला हवं, आणि सांगून त्याच्या पाया पडायला हवं, असं थोरल्याला रोज वाटायचं. थोरल्यानं धाकट्याच्या पाया पडायची रीत नाही, पण वाटायचं. आणि क्रेनच्या खुणांमध्ये यासाठी एकही खूण नव्हती.

असंच निभत होतं, पण कंपनीला सुधारणेची हुक्की आली. दुसऱ्या कुठल्याशा कामावर खूण न दिसल्यामुळे माणूस दगावला होता. सेफ्टीवाले साहेब खोकं घेऊन आले आणि त्यांनी सगळ्यांना वॉकी-टॉकीचे सेट वाटले. आता हातवारे बंद. खालच्यानं तोंडानं सांगायचं, वरच्यानं ते तोंडानंच परत म्हणून दाखवायचं, मगच क्रेनचा दांडा हलवायचा. बटण दाबा, बोला, सोडा. सोपं आहे, साहेब म्हणाले, लहान मूल करील.

पहिल्या दिवशी सेट खरखरला आणि थोरल्याच्या कानात धाकट्याचा आवाज आला. "हूक खाली." आवाज जाड झाला होता, वडिलांच्या वळणावर गेला होता. थोरल्याचा हात दांड्यावर तसाच राहिला. 'घे' नाही, 'घ्या' नाही, 'दादा' तर नाहीच. हाक न मारता बोलायची युक्ती धाकट्यानं बरोबर शोधून काढली होती. तरी थोरल्याचे डोळे भरून आले. केबिनमध्ये कोण बघतंय, म्हणून त्यानं ते पुसलेही नाहीत. उत्तर म्हणून त्यानं हॉर्न दिला.

हॉर्न चालणार नाही, साहेबांनी खालून दरडावलं. शब्द परत म्हणा. थोरल्याला काही केल्या ते जमेना. इतक्या वर्षांनी भावाशी बोलायचा पहिला शब्द 'हूक' असावा, हे त्याच्या मनाला पटत नव्हतं. तो चाचरायचा, उशीर करायचा, आणि तेवढ्यात खाली धाकटा पुढचं सांगून मोकळा व्हायचा. ज्या दोघांचं बोटावर चालायचं त्यांची तोंडानं चुकामूक व्हायला लागली. शेवटी एक दिवस सळ्यांचा भारा जिन्याच्या कठड्याला धडकला. कुणाला लागलं नाही, पण बोभाटा व्हायचा तो झालाच. साहेबांनी दोघांना शेडमध्ये उभं करून विचारलं, तुमचं आपसात काही आहे का? दोघंही एकदमच नाही म्हणाले. तेवढं त्यांचं अजून जमत होतं.

धाकट्याची बदली झाली. कंपनीचं दुसरं काम चालू होतं तिकडे, इतकं दूर की माणूस सहज म्हणून येत-जात नाही. थोरल्याला ही बातमी चहाच्या टपरीवर गवंड्यांकडून कळली. घरी त्यानं बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, अहो, आता तरी बोला. न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत. मला काय गहू विकायचेत, असं तो फिसकारला खरा, पण तिचं म्हणणं त्याच्या मनाला लागलं.

आणि त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. सेट धाकट्याकडे शेवटच्या संध्याकाळपर्यंत असणार होता. वर केबिनमध्ये कुणाचं तोंड दिसत नाही, कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. इतकी वर्षं जे समोरासमोर जमलं नाही ते बटण दाबून जमेल. त्यानं वाक्यं जुळवायला घेतली. काम करताना तो ती पुटपुटायचा. आई तुझी वाट बघत होती. मी तिला खोटं सांगितलं. तुलाही खोटंच सांगितलं. माझं चुकलं.

शेवटच्या दिवशी काम सुरळीत झालं. चांगलंच झालं म्हणा ना. थोरल्यानं प्रत्येक शब्द परत म्हणून दाखवला, न अडखळता. सेफ्टीवाले साहेबसुद्धा म्हणाले, हे आधी का नाही जमलं? संध्याकाळी थोरल्यानं हूक वर घेतला, क्रेनचा हात वाऱ्यावर मोकळा सोडला आणि लांब हॉर्न दिला. धाकटा दिसत नव्हता. क्रेनच्या खांबाजवळ, अगदी बुडाशी असला की वरून माणूस दिसत नाही, तिथंच असणार. हॉर्न थांबला आणि थोरल्यानं बटण दाबलं.

तो सगळं बोलला. काहीही हातचं राखलं नाही. आईची उचललेली मानसुद्धा सांगितली. बोलून होईपर्यंत बटणावरचं बोट त्यानं हलू दिलं नाही. शेवटी, "माझं चुकलं रे," म्हणाला, आणि बटण सोडलं.

सेटमधून काहीच आलं नाही. साधी खरखरही नाही. त्यानं वाट बघितली. खालून फाटकाकडे जाणारी माणसं दिसत होती, वरून सगळ्यांची हेल्मेटं सारखीच. शिडी उतरून तो खाली आला तेव्हा धाकट्याचा सेट स्टोअरमध्ये जमा झाला होता आणि धाकटा निघून गेला होता.

घरी आल्यावर थोरल्यानं बायकोला एवढंच सांगितलं, की बोललो, त्यानं ऐकून घेतलं आणि गेला. ती म्हणाली, फोन करा. तो म्हणाला, कशाला, उत्तर मिळालंय. आईला असं वाट बघत जाऊ दिलं हे ऐकून कोण बोलेल, तो मनात म्हणाला, त्याच्या जागी मी असतो तरी बोललो नसतो. त्याला रागही आला नाही. उलट ओझं उतरावं तसं काहीतरी झालं, आणि मग ते ओझं होतं तेच बरं होतं असं वाटायला लागलं. आता धाकट्याला सगळं ठाऊक आहे आणि सगळं ठाऊक असून तो गप्प आहे, हे अंगावर घेऊन तो रोज शिडी चढायचा. खाली नवा माणूस आला होता. बडबड्या होता, जेवलात का दादा, असंही सेटवरच विचारायचा.

पावसाळा गेल्यावर कधीतरी, थोरला आणि तो नवा माणूस एकाच वेळी बोलायला गेले आणि सेट फुटल्यासारखा कर्कश्श ओरडला, अशी तक्रार घेऊन स्टोअरवाला आला. स्टोअरवाल्याकडे त्याच चॅनेलवरचा तिसरा सेट असायचा. दोघं एकदम बटण दाबू नका हो, तो म्हणाला, माझे कान गेले. एकाच चॅनेलवर दोघं एकदम बोलले की एकाचंही दुसऱ्याला पोचत नाही. बटण दाबलेलं असताना सेटला ऐकूच येत नसतं.

थोरल्यानं नुसती मान डोलावली. स्टोअरवाला गप्पिष्ट, त्याला तेवढ्यानं भागेना.

"तुमच्या भावाच्या शेवटच्या दिवशी असंच झालं होतं," तो म्हणाला. "हॉर्न झाला आणि लगेच सेट किंचाळला. मी कानापासून काढून बंदच करून टाकला. खिडकीतून बघतो तर तुमचा भाऊ खांबाला डोकं टेकून सेटमध्ये बोलतोय. डोळ्यांतून पाणी. म्हटलं भाऊ-भाऊ बोलतायत, आपण कशाला बघा, म्हणून मी आत गेलो. बोलून झालं तसा त्यानं सेट बंद केला आणि आणून दिला."

थोरला त्या दिवशी शिडी कशी चढला हे त्याचं त्यालाच माहीत. त्या हॉर्नसाठी थांबायची धाकट्याची सवय, आणि हॉर्न संपला की पुढचं करायची आपली. दोघांचा श्वाससुद्धा एका वेळी पडायचा, त्याचं हे फळ. धाकट्याला काहीच पोचलं नव्हतं. आणि धाकट्याचंही काहीतरी होतं, जे बोलून तो उत्तर ऐकायला थांबला नाही. कदाचित छाती झाली नसेल. कदाचित त्यालाही वाटत असेल, की दादानं ऐकलं आणि गप्प बसला.

संध्याकाळी त्यानं फोन लावला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, तिचे हात थांबले.

"मी बोलतोय."

पलीकडून, "हं."

"त्या दिवशी हॉर्न झाल्यावर... तू सेटवर बोलत होतास म्हणे."

"तू ऐकलं नाहीस?"

"नाही. मीही बोलत होतो. एकदमच बटण दाबलं आपण. कुणाचंच कुणाला गेलं नाही."

आणि मग इतक्या वर्षांनी तो शब्द आला, अगदी हळू.

"दादा, तू काय बोलत होतास?"

सगळी वाक्यं थोरल्याच्या जिभेवर होती. एकदा म्हणून झालेली, पाठ असलेली. पण तेव्हा समोर मुका डबा होता, आता माणूस होता, आणि त्या माणसाचा आवाज लहानपणीसारखा मऊ झाला होता. या आवाजाला आता दाराकडे तोंड करून पडलेली आई कशी दाखवायची? कशाला त्याला त्रास?

"काही नाही रे," थोरला म्हणाला. "नीट जा, म्हणत होतो. जिवाला जप, एवढंच. आणि तू?"

धाकट्याला दादाचं हे चांगलं बोलणं ओळखीचं होतं.

"मी पण असंच," तो म्हणाला, आणि आवाज परत जाड झाला. "हूक वर घे म्हणत होतो."

लांब हॉर्न होतो तेव्हा हूक वरच असतो. क्रेनखाली एक दिवस काढलेल्या माणसालाही हे ठाऊक असतं. थोरला, "बरं," म्हणाला.

लगेच कुणीच फोन ठेवला नाही. फोनला दाबायचं बटण नव्हतं, दोघं एकदम बोलले असते तरी दोघांचंही पोचलं असतं. मग पलीकडून धाकट्यानं ठेवला.

"काय म्हणाले भाऊजी?" बायकोनं विचारलं.

"निवांत फोन करतो म्हणाला," थोरला म्हणाला. धाकटा असं काही म्हणाला नव्हता.